पुढे गाणाऱ्यांचं धृपद धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनी बंद पडली, घराचे हप्ते थकले, वडिलांचं डायलिसिस चालू आहे. घरातली वडीलधारी मंडळी सांगतात, ‘देवाचं गुणगान कर, समाधान मिळेल.’ तुम्ही देवापुढे बसता, पण शब्द फुटत नाही. फुटलाच तर आपण खोटं बोलतोय असं वाटतं. मग आपली श्रद्धाच कमी पडते का? आणि ‘आहे त्यात समाधान मानायचं’ म्हणजे हातपाय गाळून बसायचं का?

मी वारकरी घरातला. भजन शिकवतो, कीर्तनात टाळकरी म्हणून मागे उभा राहतो, क्वचित पुढेही. ज्या घरात कुणी गेलेलं असतं तिथे दहाव्या-बाराव्याला मंडळ घेऊन जातो. अडलेल्या, खचलेल्या माणसांच्या मध्ये बसून देवाची स्तुती गाणं हे माझं नेहमीचंच काम आहे. उत्तर त्यातूनच देतो. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांनी आपापल्या घरचे शब्द घालून वाचावं.

शब्द फुटत नाही यात काही वावगं नाही. ज्यांचे शब्द आपण देवाची स्तुती करायला उसने घेतो, त्या तुकोबांचाही आरंभ असाच आहे. त्यांनी स्वतःची हकिगत एका मोठ्या अभंगात सांगितली आहे, ‘याति शूद्र वंश केला वेवसाव’. बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो, अशी प्रस्तावना करून ते सांगतात. हा अभंग कीर्तनात तुकड्यातुकड्याने कानावर पडतो, पण सलग वाचणारे थोडे. तुम्ही तो एकदा सलग वाचा. 1630 ते 1632 च्या दुष्काळाने दख्खन उजाड झाला, त्यात देहूच्या या वाण्याचं घर बसलं. आईबाप आधीच गेले होते. मग ते लिहितात:

दुष्काळे आटिले द्रव्ये नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली ॥
लज्जा वाटे जीवा त्रासलो या दुःखे । वेवसाव देखे तुटी येता ॥

देवाचं नाव या दोन ओळींत कुठेही नाही. पैसा गेला, मान गेला, बायको अन्नान्न करत गेली, लाज वाटली, धंद्यात खोट आली. एवढंच. त्यावर ना मखलाशी, ना ‘त्यातही देवाची काही योजना असेल’. आधी नुकसानीचा हिशेब जसाच्या तसा मांडलाय. दुःखात असलेल्या माणसाला ताबडतोब ‘चांगलं बघ’ म्हणून सांगणाऱ्यांनी या ओळी तोंडपाठ कराव्यात असं मला फार वाटतं.

पुढे काय केलं तेही क्रमाने येतं. गावातलं देवाचं देऊळ भंगलं होतं, ते दुरुस्त करावंसं वाटलं. एकादशीला कीर्तन करू लागले, पण ‘नव्हते अभ्यासी चित्त आधी’, म्हणजे मन त्यात लागत नव्हतं, हेही सांगून टाकलंय. मग संतांची काही वचनं पाठ केली. आणि मग ही ओळ:

गाती पुढे त्यांचे धरावे धृपद । भावे चित्त शुद्ध करोनिया ॥

धृपद म्हणजे अभंगात पुन्हापुन्हा येणारी ओळ. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. दिवाळं निघालेला, घरातली माणसं गमावलेला माणूस पुढे उभा राहून गायला नाही. जे गात होते त्यांच्या मागे उभा राहिला आणि धृपद धरलं. स्वतःचे शब्द नव्हते, म्हणून दुसऱ्यांचे पाठ केले. स्वतःचा सूर लागत नव्हता, म्हणून दुसऱ्यांच्या सुरात सूर मिसळला. कवित्वाची स्फूर्ती त्यानंतर कितीतरी कडव्यांनी येते.

तर तुम्हीही एकटे देवघरात बसून आतून स्तुती उमलण्याची वाट बघू नका. उमलली तर आनंदच. पण बहुतेकांना ती अशी उमलत नाही, मलाही नाही. जवळच्या विठ्ठल मंदिरात किंवा मारुतीच्या देवळात संध्याकाळी हरिपाठ होत असेल तिथे जा आणि मागच्या ओळीत उभे राहा.

तिथे काय होतं ते सांगतो. ‘जय जय राम कृष्ण हरी’ने सुरुवात होते, पखवाज हळू ठेक्यावर असतो. मग रूपाचा अभंग येतो, बहुधा ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’. म्हणणारा चरण म्हणतो, बाकीचे धृपद उचलतात, परत चरण, परत धृपद. या अभंगात मागणं नाही. कमरेवर हात आहेत, गळ्यात तुळशीहार आहे, कासेला पीतांबर आहे, कानात मकरकुंडलं तळपतायत, कंठात कौस्तुभ आहे. फक्त वर्णन. ‘मी’, ‘माझं’ अगदी शेवटच्या चरणात येतं, तेही ‘माझे हेचि सर्व सुख’ असं म्हणायला. दिवसभर डोक्यात ‘माझी नोकरी, माझे हप्ते, माझ्या वडिलांचं काय’ असं चालू असलेल्या माणसाला पाच-सात मिनिटं ‘मी’ नसलेली वाक्यं म्हणावी लागतात. स्तुतीचं काम इथे सुरू होतं. देवाला आपल्या कौतुकाची भूक नाही, आपल्याला स्वतःपासून थोडा वेळ बाहेर पडायची गरज असते. जुन्या लोकांनी भजनाच्या क्रमात रूपाचा अभंग आधी आणि करुणेचे अभंग नंतर ठेवले, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. आधी नजर वर जाते, मग रडायचं ते रडा.

श्वासाचाही भाग आहे, तो मी कमी लेखत नाही. विलंबित चालीत एक ओळ एका दमात म्हणायची तर श्वास आपोआप लांबतो. 2001 साली इटलीतल्या संशोधकांनी ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि योगमंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला होता. तो मिनिटाला सहाच्या आसपास येत होता, आणि त्याचा हृदयाच्या लयीवर चांगला परिणाम दिसला. आमच्या देवळात असली यंत्रं कुणी आणली नाहीत. पण तासभर हरिपाठ म्हटल्यावर खांदे खाली उतरतात, हे कुणीही बघू शकतं.

ज्ञानेश्वर माउलींच्या हरिपाठात 27 अभंग, काही प्रतींत 28. पहिल्याच ओळीत ‘देवाचिये द्वारी उभा क्षणभरी’. क्षणभर. तासभर नाही आणि ‘पूर्ण श्रद्धेने’ असंही नाही. दारात उभं राहायचं, आत जायलाच पाहिजे असंही त्यात म्हटलेलं नाही. आणि धृपद ‘हरि मुखे म्हणा’. मुखाने म्हणा एवढीच अपेक्षा. मनाने म्हणा ही पुढची पायरी, ती आपसूक आली तर येते. तोंडाने म्हटलेलं मनात नसेल तर ते ढोंग, असं तुम्ही समजता. मला ते पटत नाही. आजारी माणूस औषधावर विश्वास बसेपर्यंत थांबत नाही, घोट घेतो. ढोंग म्हणजे लोकांना दाखवण्यासाठी गाणं. मागच्या ओळीत उभं राहून, डोळे खाली घालून, कुणीतरी चारशे वर्षांपूर्वी भोगून लिहिलेली ओळ म्हणणं हे ढोंग नव्हे.

समूहात गाण्याचा खरा उपयोग मला एका गृहस्थांमुळे समजला. आमच्या मंडळात ते पूर्वीपासून यायचे. त्यांचा तरुण मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला. दोनेक महिन्यांनी परत आले, टाळ घेतला, पण तोंड उघडेनात. आम्हीही काही बोललो नाही. असे बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी ‘कन्या सासुऱ्यासी जाये, मागे परतोनी पाहे’ हा अभंग चालू होता. त्यांनी धृपदाला आवाज लावला, आणि ‘केव्हा भेटसी केशवा’वर आवाज तुटला. शेजारच्याने ओळ पुरी केली. टाळ मात्र त्यांच्या हातात चालू राहिला, कारण टाळ सुटला तर सगळ्यांचीच लय जाते आणि जन्मभराची सवय ते होऊ देत नाही. पुढच्या आवर्तनाला ते परत आले, परत तुटले, परत शेजारच्याने ओळ धरली. एकटा गाणारा रडला की गाणं थांबतं. चार जणांत गाणाऱ्याचं गाणं त्याच्या रडण्याने थांबत नाही. त्याला रडायला जागा मिळते, आणि ओळ पुढे गेलेली असते.

2020 च्या आषाढीला पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या, तेव्हा आम्ही फोनवर हरिपाठ करून बघितला. आवाज मागेपुढे पोचतो, टाळ जुळेना, नुसता गोंधळ. शेवटी असं ठरवलं की एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी आवाज बंद करून आपापल्या खोलीत धृपद धरायचं. विचित्र होतं ते. पण काही न करण्यापेक्षा बरं होतं, आणि तुम्हाला देवळात जाणं जमत नसेल तर ध्वनिमुद्रित हरिपाठ लावून असंच करता येईल.

आता समाधानाकडे येतो. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असू द्यावे समाधान’ हा अभंग तुम्हाला कुणीतरी ऐकवला असणार. सगळ्यांनाच ऐकवतात. माझं स्वतःचं मत असं की हा अभंग स्वतःला म्हणायचा आहे, दुसऱ्याला ऐकवायचा नाही. पोट भरलेल्या माणसाने उपाशी माणसापुढे ‘ठेविले अनंते’ म्हटलं की तो अभंग राहत नाही, दटावणी होते. तुकोबा स्वतःशी बोलतायत. पुढचाच चरण आहे, ‘वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ’. काळजी वाहत राहिलं तर हाती दुःखच उरतं. आणि शेवटी ‘वाहू हा संसार देवापायी’. संसार टाकू असं म्हणत नाहीत, वाहू म्हणतात. ओझं खाली ठेवलेलं नाही, फक्त ते कुणाच्या भरवशावर उचलायचं ते ठरवलंय.

म्हणून हातपाय गाळायचा प्रश्न येत नाही. परंपरा सांगते की मन विठ्ठलाकडे वळल्यावर तुकोबांनी लोकांकडच्या येण्याची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, काढली, धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याचा अर्धा हिस्सा दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. दुष्काळात बुडालेल्या कुळांकडून वसुली नाही. समाधानातून हे धडधडीत कृत्य निघालं. तुमची बाजू उलटी आहे, तुम्ही देणेकरी आहात आणि तुमची बँक तुमचे कागद नदीत सोडणार नाही. तेव्हा हप्ते तीन-चार थकायच्या आत शाखेत जाऊन भेटा, मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का ते लेखी विचारा. वडिलांसाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. 2016 पासून केंद्राच्या डायलिसिस कार्यक्रमाखाली दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना तिथे मोफत सोय आहे. तुम्ही त्यात बसत नसाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा माणूस रुग्णालयात बसतो, त्याला गाठा. हे सगळं करून संध्याकाळी हरिपाठाला या. रांगेत उभं राहून आलेल्या माणसाची स्तुती देवाला कमी आवडते असं कुठल्याही संताने लिहिलेलं नाही. जनाबाईंचं तर सगळंच जात्यावर चाललं होतं: ‘दळिता कांडिता तुज गाईन अनंता’. काम थांबवून गाईन, असं ती म्हणत नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय: ‘कधीकधी देवाचा रागच येतो, मग पाप वाटतं.’ मला ते तुमच्या पत्रातलं सगळ्यात निरोगी वाक्य वाटलं.

आपल्या संतांनी देवाला किती बोलून घेतलंय ते पाहिलं तर तुमचा राग फिका वाटेल. जनाबाई अंगणात उभी राहून विठ्ठलाला ‘मूळ मायेच्या कारट्या’ म्हणते, आणि पुढे स्वतःच नोंद करते, ‘उभी राहुनी अंगणी शिव्या देत दासी जनी’. चोखोबा मार खात असताना हाका मारतात, ‘धाव घाली विठू आता चालू नको मंद’, म्हणजे देवाला चक्क सांगतात की जरा पाय उचल. तेच चोखोबा पुढे मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून गेले. त्यांचा मुलगा कर्ममेळा तर विचारतो, ‘आमुची केली हीन याती, तुज का न कळे श्रीपती’, आणि शेवटी ‘कासया जन्म दिला मला’. हा प्रश्न कुणी गाथेतून, म्हणजे अभंगांच्या संग्रहातून, काढून टाकला नाही. अभंग म्हणून जपला, आजही म्हणतात. तुकोबा एका ठिकाणी ‘माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल’ इथपर्यंत जातात. आता गोष्टी नाहीत, नाव घेणं नाही, आपलं दोघांचं तुटलं. त्याच अभंगात म्हणतात, स्तुतीसमवेत निंदाही उदंड केली. दोन्ही एकाच तोंडाने, एकाच देवाची.

ज्याच्याशी बोलणं सोडलंय त्याच्यावर कुणी चिडत नाही. तुम्ही चिडता म्हणजे नातं शाबूत आहे. रागाचे अभंग म्हणा, करुणापर अभंग म्हणा. फक्त एक पथ्य पाळा. राग देवाच्या तोंडावर काढा, घरच्यांवर नको. पैशाची चणचण असलेल्या घरात देवाला न बोललेलं बायकोला बोललं जातं. हे मी फार घरांत पाहिलंय.

आता त्याच मोठ्या अभंगाचा शेवटाकडचा भाग. स्फूर्ती आली, अभंग झाले, आणि मग विरोध झाला. शूद्राने वेदार्थ बोलावा हे लोकांना रुचलं नाही. वाघोलीचे रामेश्वरभट्ट त्यात पुढे होते असं परंपरा सांगते. (आपण आज म्हणतो ती ‘आरती तुकारामा’ याच रामेश्वरभट्टांची, पुढे त्यांनी पायावर डोकं ठेवलं.) तुकोबा लिहितात:

निषेधाचा काही पडिला आघात । तेणे मध्ये चित्त दुखविले ॥
बुडविल्या वह्या बैसलो धरणे । केले नारायणे समाधान ॥

समाधान कुठे आलं बघा. धरणं धरून बसल्यावर. गप्प राहून, मान तुकवून ते आलेलं नाही. आधी दुखावले, मग देवाच्या दारात अडून बसले, आणि नंतर ते समाधान देवाने केलं, आपण मानून घेतलेलं नाही. त्या दिवसांतले अभंगही गाथेत आहेत. ‘तेरा दिवस जाले निश्चक्र करिता, न पवसी अनंता मायबापा’. अन्नपाण्याविना तेरा दिवस झाले आणि तू येत नाहीस. त्याच अभंगात देवाला विचारतात की दगडाची खोळ पांघरून का बसलास. आणि नदीत बुडवलेल्या अभंगांच्या वह्या परत मिळाल्यावर लगेच सूर बदलतो, ‘थोर अन्याय केला, तुझा अंत म्यां पाहिला’, लोकांच्या बोलण्यापायी मी तुला त्रास दिला. मायलेकरांत भांडण झाल्यावर जी मऊ भाषा येते तीच ही. मधले तेरा दिवस वगळून ती भाषा कुणाला येत नाही. तुम्ही सध्या त्या तेरा दिवसांत आहात असं समजा. तुमचे तेरा दिवस किती महिन्यांचे असतील ते मी सांगू शकत नाही.

एक सावधगिरी. ‘बरे जाले देवा निघाले दिवाळे, बरी या दुष्काळे पीडा केली’ हा अभंग तुमच्यासारख्यांना हमखास सुचवला जातो. दिवाळं निघालं ते बरं झालं, अपमान झाला ते बरं झालं, धन गेलं, गुरंढोरं गेली तेही बरं झालं, आणि शेवटी उपास-जागरणाची एकादशी घडली तेही बरं. फार मोठा अभंग आहे. पण तो मागे वळून पाहिलेला आहे. दुष्काळात, घरात माणूस अन्नान्न करत असताना तो लिहिलेला नाही. त्या दिवसांची आठवण ‘लज्जा वाटे जीवा’ अशी आहे, हे वर आलंच. आपण आजचं दुःख आजच ‘बरं झालं’ म्हणून गिळायला गेलो तर ते घशात अडकतं. त्याहून कडक म्हणजे ‘बाईल मेली मुक्त जाली’, ‘पोर मेले बरे जाले’ असं म्हणणारा अभंग. तो मी कुणाच्या दहाव्याला कधीच घेत नाही. एका ठिकाणी नवख्या बुवांनी घेतला होता. घरातली बाई उठून आत गेली आणि भजन संपेपर्यंत बाहेर आली नाही. अभंग खोटा नाही, पण तो ज्याचा त्याने म्हणायचा. तुकोबांना तो अधिकार होता, आपल्याला त्यांच्या वतीने तो दुसऱ्यावर चालवता येत नाही.

त्यापेक्षा सध्या हे घ्या: ‘तू माउलीहून मयाळ, चंद्राहूनि शीतळ, पाणियाहूनि पातळ, कल्लोळ प्रेमाचा’. चाल सोपी आहे, शब्द जिभेवर बसतात, आणि यात तुम्हाला काहीही कबूल करावं लागत नाही. रात्री झोप लागत नसेल तेव्हा हाच एक अभंग मनात घोळवा. रात्री ‘सुख पाहता जवापाडे’ घेऊ नका. खरा असला तरी दोन वाजता तो अंगावर येतो. सकाळी अंघोळीला ‘हेचि दान देगा देवा’ म्हणा, त्यातलं ‘गुण गाईन आवडी, हेचि माझी सर्व जोडी’ जरा थांबून म्हणा. जोडी म्हणजे कमाई. उत्पन्नाचं सगळं गणित कोलमडलेलं असताना ही ओळ तोंडातून काढणं अवघड आहे, मला कल्पना आहे. काही दिवस नुसतीच निघेल.

वडिलांना विचारा त्यांना कुठले अभंग येतात. त्यांच्या पिढीला शाळेपेक्षा काकड्याला जास्त पाठ झालेलं असतं. डायलिसिसला एका वेळी चारेक तास जातात आणि सुई टोचलेला हात हलवायचा नसतो. तोंड मोकळं असतं. दवाखान्यात मोठ्याने गाऊ देणार नाहीत, पण हळू पुटपुटायला कुणी हरकत घेत नाही. त्यांना सुरुवात करू द्या, तुम्ही मागे म्हणा. आजारी माणसाला सगळे जण काहीतरी देत असतात, त्याच्याकडून कुणी काही घेत नाही. एखादा विसरलेला चरण त्यांच्याकडून शिकून घेतलात तर त्यांना बरं वाटेल असा माझा अंदाज आहे.

आणि हे नीट ऐका. झोप पार उडाली असेल, भूक गेली असेल, आपण नसतो तर बरं झालं असतं असे विचार येत असतील, तर भजनावर भागवू नका. डॉक्टरांना भेटा. 14416 हा सरकारचा मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानस क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आमच्या मंडळातल्या एकाला मीच हा क्रमांक लावून दिला होता. तो आज औषधंही घेतो आणि पखवाजही वाजवतो.

मागच्या ओळीत उभं राहायला लाज वाटत असेल तर मंडळांची आतली गोष्ट सांगतो. बहुतेक ठिकाणी टाळकरी कमी पडतात. तरुण माणूस आला की म्हातारे खूश होतात, कुठून आलास हेसुद्धा पहिल्या दिवशी विचारत नाहीत. वीणेकऱ्याला नमस्कार करा, कोपऱ्यात टाळ टांगलेले असतात त्यातली एक जोडी घ्या. दोरी बोटांना काचते, पहिले काही दिवस दुखतं, मग सवय होते. ठेका चुकला तर थांबा आणि पुढच्या समेला परत धरा. शेजारचा बहुतेक डोळ्यानेच खूण करेल. संपल्यावर टाळ पुसून जागेवर टांगा, कारण ओले ठेवले की डाग पडतात आणि त्यावरून मात्र बोलणी बसतात.